गौरजाच्या चुलीवरचो उभो बटाटो

गौरजा मुणगेकर रोज सकाळी साडेसहाला वाडीचं पाणी सोडते आणि आठला बंद करते. आधी हे काम तिचा बाप भिवा करायचा. तो गेला तेव्हा ग्रामपंचायतीने 'तात्पुरतं' म्हणून पंपाची किल्ली तिच्या हातात दिली. त्या तात्पुरत्याला आता पाच वर्षं झाली. आचऱ्याच्या अलीकडच्या या वाडीत सगळे तिला थोडे वचकून असतात. पाणी तिने आजवर कुणाचं तोडलेलं नाही. पण नळाचा पाइप लावून गाडी धुणाऱ्याच्या दारात उभी राहून ती जे बोलते, ते एकदा ऐकलेला माणूस पुढचे दोन महिने गाडी चिखलाचीच ठेवतो.

वय सेहेचाळीस. चोविसाव्या वर्षी ती इन्सुलीच्या सासरहून एका पिशवीनिशी परत आली. नवरा मारायचा. कारण एवढंच, आणि तिच्या मते एवढं पुरे. लोकांना याहून मोठं कारण हवं होतं, ते लोक बावीस वर्षं शोधतायत. भिवाने मात्र काही विचारलं नाही. पडवीत पिशवी ठेवणाऱ्या पोरीला तो फक्त म्हणाला, "गाडी मेळली मगे येळार?" आणि मागच्या खोलीतली नारळाची रास हलवायला लागला.

आई आधीच गेली होती, मग भिवा गेला. भाऊ विनीत बायको-मुलांसह नालासोपाऱ्याला. त्या घरात आता चूल पेटते ती एकट्या गौरजाची.

मुणगेकरांच्या भावकीत आठ घरं. गणपती मात्र एकच, मूळ घरातला. पाचव्या दिवशी म्हामनं असतं, म्हणजे देवाच्या नावाने अख्ख्या भावकीचं जेवण. शंभर-सव्वाशे पानं उठतात. आठ घरांचे आठ पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. कुणाचं काळ्या वाटाण्याचं सांबारं, कुणाचे वडे, कुणाची खीर. नैवेद्याच्या पानावर आठही पदार्थ पडले की भावकी पुरी झाली असं मानतात. ज्याचा पदार्थ पानावर, त्याचं घर घर. हे कुणी कुठे लिहून ठेवलेलं नाही, पण मुणगेकरांना ते सातबाऱ्यापेक्षा पक्कं वाटतं.

भिवाच्या घराचा पदार्थ बटाटा. उभो बटाटो. भिवा गेल्यापासून दरवर्षी विनीत चार दिवसांची रजा काढून यायचा आणि टोपापाशी उभा राहायचा. बटाटे आणायची गौरजा, सोलायची गौरजा, खोबरं वाटायची गौरजा. विनीत डाव हलवायचा, आणि पंगतीत नाव निघायचं विनीतचं.

यंदा विनीतला रजा मिळाली नाही.

चतुर्थीला पंधरा दिवस असताना आठ घरांची माणसं मूळ घराच्या पडवीत बसली. मधोमध सदानंदकाका, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले, वय चौऱ्याहत्तर. भावकीत त्यांचा शब्द शेवटचा. धनेशने, म्हणजे गौरजाच्या धाकट्या चुलत भावाने, विषय काढला.

"विनीतचो फोन इल्लो. म्हणता, यंदा माका जमाचा नाय, बटाटो तूच घे. मी म्हटलंय, घेतंय. सृष्टी करतली."

सृष्टी त्याची बायको. ती दाराला टेकून उभी होती. बातमी तिलाही आत्ताच कळली असावी, कारण तिने नवऱ्याकडे असं पाहिलं की धनेशने नजर फिरवून कौलांकडे लावली.

"विनीत कोण बटाटो दुसऱ्याक देणारो?" गौरजा म्हणाली. "तेची चूल नालासोपाऱ्याक. हय पेटता ती माझी."

"तसा नाय गे ताई. तू चेडू. लगीन करून दिलेल्या चेडवाचा घर वेगळा."

"खंय आसा ता वेगळा घर? पत्तो दी. आजच रवाक जातंय."

कुणीतरी हसलं. धनेश तापला.

"पाणी सोडूक येता म्हणान शंभर माणसांचो बटाटो येता काय? थंय नुसती किल्ली फिरवन भागणा नाय."

"तुका तर किल्ली पण फिरवक येणा नाय. वैशाखात वॉल्व्ह कोणी मोडल्यान रे?"

आता सगळेच हसले. सदानंदकाकांनी हात वर केला. "गौरजा, गप रव वायच. भिवाच्या घरात बटाटो बायलमाणसान कधी करूक नाय."

"काकानू, सोलूक बायलमाणूस, वाटूक बायलमाणूस, टोप घासूक बायलमाणूस. बापयो फक्त डाव धरता आणि नाव घेता." तिचा आवाज चढला होता, तो तिने मुद्दाम खाली आणला. ओरडणाऱ्या बाईला पडवीबाहेर काढणं सोपं असतं, हे ती ग्रामसभेत शिकली होती. "मूर्ती हाडूक माणूस होयो तर माझ्या दारात येतास. मांडव घालूक, खळा सारवूक माझ्या घराची पाळी बरोबर आठवता. कामाक आठ घरां आणि निवेदाक सात, ह्या खंयच्या शाळेतला गणित?"

मास्तरांना गणिताचं बोलणं लागलं असावं. ते बराच वेळ पानाचा डबा उघडझाप करत बसले.

"बरा," शेवटी म्हणाले. "यंदा तू कर. पण आयक. आरती संपताना बटाटो पानावर नसलो, तर पुढल्या वर्षापासून सात घरां आणि सात पदार्थ. मग माझ्याकडे रडान येवचा नाय."

"रडान मी खंयच गेलंय नाय, काकानू," गौरजा म्हणाली आणि चप्पल घालून निघाली.  

उभा बटाटा दिसायला साधा. कांदा नाही, लसूण नाही. बटाट्याच्या सुपारीएवढ्या चौकोनी फोडी, हळद-मिठाच्या पाण्यात अर्ध्या शिजवलेल्या. वर ओलं खोबरं, सुकी मिरची, धणे आणि चार तिरफळं यांचं जाडसर वाटप, खोबरेलाची हिंग-मोहरीची फोडणी. आणि आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला लालभडक रस. सगळी मेख या आगळात. शंभर माणसांचा बटाटा टोपात तासभर राहिला की त्याचा लगदा होतो. भिवाच्या घरचा होत नाही. फोडींचे कोपरे पंगत उठेपर्यंत ताठ, म्हणून उभा. फोडी अर्ध्या शिजल्या की आगळ ओतायचं. आंबट लागलं की बटाटा तिथेच आवळतो, पुढे मोडायचं नाव घेत नाही. मग झाकण ठेवून मंद निखाऱ्यावर वाफ द्यायची, आतला गाभा तेवढ्यावर होतो. आगळ उशिरा पडलं तर बटाटा मोडला. लवकर पडलं तर कच्चा राहिला, आणि कच्चा राहिलेल्याला मग कितीही जाळ लावा.

वेळ कशी ओळखायची? भिवा माडाची हीर घ्यायचा, झावळीच्या पात्यातली ती ताठ काडी. फोडीत टोचायची. हीर अर्ध्यात अडकली की आगळ. गौरजाने हे लहानपणापासून पाहिलं होतं, घरी दोन माणसांपुरतं शंभरदा केलंही होतं.

बटाटे आणायला ती आचऱ्याच्या बाजारात रमीझच्या दुकानी गेली. त्याच्या वडलांच्या काळापासून भिवा तिथूनच न्यायचा.

"वीस किलो? विनीत इलो?" रमीझने विचारलं.

"नाय. मी करतंय."

त्याने तिच्याकडे पाहिलं, काट्यावर चढवलेलं पोतं खाली उतरवलं आणि आतून दुसरं ओढून आणलं. "मग हो व्हर. एका शेतातलो आसा, एका मापाचो. त्या पोत्यात तीन जातीचे मिसळले हत, एक शिजता तवसर दुसरो मोडता."

"माका गिऱ्हाईक म्हणान तां पोता देयत होतंस?"

"विनीतान केलो तर तेका कसलोय खपता," रमीझ म्हणाला. "तुका दिलंय तर उद्या माझ्या नळाक पाणी येवचा नाय."

"तुझो नळ माझ्या वाडीत खंय आसा रे?"

"म्हणानच हसतंय."

म्हामन्याच्या दिवशी मूळ घराच्या मागीलदारी पत्र्याखाली आठ चुली पेटल्या. बाकीच्या सात चुलींवर सकाळपासून नुसता गोंधळ. गौरजाच्या चुलीपाशी शांतता, कारण तिच्याशी बोलायला कुणी आलंच नाही. बायका वडे थापता थापता मधूनच तिच्या टोपाकडे बघत. धनेश दोनदा येऊन गेला. एकदा नारळ न्यायला, एकदा उगाच.

"मोडलो काय गे?" त्याने दुसऱ्यांदा विचारलं.

"तुझ्या तोंडातलो दात मोडतलो."

"नाय, विचारलंय. लोकांका भाजी होयी काय लापशी, ता आधी सांगलला बरा."

त्या दिवशी वारा समुद्राकडून येत होता. जाळ सगळा टोपाच्या एका अंगाला झुकलेला, पत्र्याला आपटून परतणारा धूर दुसऱ्या अंगाला. गौरजा धूर टाळून, जाळाच्या बाजूला उभी होती. धनेशचं 'लापशी' तिच्या कानात ठुसठुसत होतं. तिने हीर घेतली आणि समोरच्या, कडेच्या फोडीत टोचली. हीर अर्ध्यात अडकली. दुसऱ्या फोडीत टोचली. तिथेही अर्ध्यात. भिवा टोपाभोवती फिरायचा, मधल्या फोडी डावाने वर काढून टोचायचा. गौरजा फिरली नाही. आता एक उकळीही जास्त झाली तर धनेश जिंकला, एवढंच तिच्या डोक्यात होतं. तिने आगळाची बरणी उचलली आणि ओतली.

पाऊण तासाने तिने वाटप आणि फोडणी घालायला झाकण काढलं. डाव मधोमध घातला आणि तिला हाताला कळलं. फोडी डावाला खडखडत होत्या. एक काढून दाताखाली धरली. कच्ची. दुसरी कच्ची. कडेची शिजलेली, मधली कच्ची, तळातली शिजलेली, धुराच्या अंगाची कच्ची. आत पुढच्या पडवीत टाळ वाजले. आरती सुरू झाली होती.

गौरजा टोपाकडे बघत उभी राहिली. 

"काय झाला?" सृष्टी वड्यांची परात घेऊन आत चालली होती, ती थांबली.

"काय नाय. जा तू."

सृष्टीने परात ठेवली, टोपात वाकून बघितलं, एक फोड चाचपली. "मधलो रवलो."

"आता जा आणि सांग तुझ्या घोवाक. खूश होतलो."

"माझ्या घोवाक मी सांगूचा ता घराक गेल्यार सांगतलंय," सृष्टी म्हणाली. "माका इचारल्याशिवाय बटाटो घेतल्यान कसो? माझे वडे हत, पोरांची शाळा हा, आणि हेका वरसून बटाटो होयो. उतरव टोप."

"उतरवन काय करू? आंबट पडला. आता हो जल्मात शिजाचो नाय."

"शिजलेलो बाजूक कर. कच्चो तेवढो कोमट पाण्यात धुवान काढ, आंबटपणा जाऊ दे. मग ताज्या पाण्यात उकळ. चिमूटभर खायचो सोडो घाल."

"सोडो? आमच्या बटाट्यात बापाशीन कधी सोडो घालूक नाय."

"बापाशीन कडेची फोड टोचून आगळ पण कधी ओतूक नाय," सृष्टी म्हणाली. "काळ्या वाटाण्याक घालतत, माणसां मरतत काय? उतरव आधी."

दोघींनी कान धरून टोप उतरवला. चार परातींत बटाटा पसरला आणि दोघी फोडी चिमटीत दाबून निवडायला बसल्या. मऊ इकडे, कडक तिकडे. बोटं भाजत होती. सृष्टी खाली मान घालून भराभर निवडत होती आणि त्याच लयीत बोलत होती.

"माका दोन चेडवांच आसत, ताई. म्हायत हा मगे? आज तुझा घर मोजूक नाय, तर उद्या माझा मोजतले काय? धनेशाक ता कळणा नाय. तेका वाटता, आपण कायमचे हत."

 गौरजाने स्वतःपुढची कोमट परात सृष्टीकडे सारली आणि वाफाळणारी आपल्याकडे ओढली.

तेवढ्यात मागच्या दारात सदानंदकाका. नैवेद्याचं पान वाढायला घ्यायची वेळ झाली होती, सात पदार्थ आत पोचले होते. त्यांनी चार पराती पाहिल्या. वड्यांवरच्या बायका हात थांबवून बघायला लागल्या.

खोटं बोलायला जागा होती. जाळ विझला म्हणता आलं असतं, टोप गळका निघाला म्हणता आलं असतं. सरकारी कचेऱ्यांत याहून मोठ्या थापा तिने तोंडावर फेकल्या होत्या आणि कामं करून घेतली होती.

"चूक झाली, काकानू," ती म्हणाली. "आगळ आधी ओतलंय. कडेची फोड बघलंय आणि मधली बघूक नाय. अर्धो तास होयो."

काकांनी धोतर आवरलं, वाकले, कडक ढिगातली एक फोड उचलून तोंडात टाकली. बराच वेळ चावत राहिले. त्यांचे दात बहुतेक खोटे, त्यामुळे वेळ लागला.

"भिवाचोय असोच रवललो," ते म्हणाले. "विनीत जल्माक इलो त्या वर्षी. तेचा अर्धा लक्ष दवाखान्यात होता. आमी थांबललो."

"मग आज?"

"आज काय? आरती संपताना बटाटो पानावर होयो, असा मी म्हटललंय. माका आठवता." ते सरळ झाले. "आरती कधी संपता ता म्हणणाऱ्यांच्या हातात. एका घराचो पदार्थ कमी आसताना निवेद कसो दाखवतले?"

ते आत गेले. गौरजाने कच्च्या फोडी धुऊन काढल्या आणि लगेच पाणी उकळायला ठेवलं.

आत काय चाललं होतं ते मागीलदारी नीट ऐकू येत होतं. धनेश मुख्य आवाज. गळा चांगला आहे त्याचा, आणि ते त्याला माहीतही आहे. नेहमीच्या आरत्या संपत आल्या, कापूर पेटवायला कुणीतरी काडेपेटी शोधत होतं. तेवढ्यात काकांचा आवाज आला, "धनेश, दत्ताची राहिली. तुझ्या आवाजात होवंदे." धनेशने दत्ताची म्हटली, लांबवून म्हटली. मग काका म्हणाले विठ्ठलाची. मग शंकराची. मग देवीची, सगळी कडवी. पोरं टाळ वाजवून घामेजली. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून बसले. कुणीतरी म्हणालं, "काकानू, पोटात कावळे वरडतत," तर काका म्हणाले, "तेंकाय आरती आयकूंदे." धनेश आता रंगात आला होता. ज्या देवांची वाडीत साधी घुमटी नाही त्यांच्याही आरत्या त्याला पाठ निघाल्या. आपण कुणासाठी वेळ काढतोय हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि मागीलदारी सृष्टी हसू आवरत पाण्यात सोडा टाकत होती.

"माझ्या घोवाचो गळो आज पयल्यांदा कामाक इलो," ती म्हणाली.

यावेळी गौरजा टोपाभोवती फिरली. धुरात शिरली, डोळे गळायला लागले तरी फिरली. मधल्या फोडी वर काढून टोचल्या, चारही अंगांच्या टोचल्या. हीर अर्ध्याच्या थोडी पुढे गेली तेव्हा पाणी उपसलं, शिजलेल्या फोडी मिसळल्या, वाटप घातलं, वरून फोडणी ओतली. झाकण ठेवून पाच मिनिटं, जास्त वेळ नव्हताच.

बटाट्याचा पहिला डाव पानावर पडला तेव्हा धनेशचा आवाज घोगरा झाला होता.

खरं सांगायचं तर भिवासारखा तो झाला नव्हता. पुन्हा उकळलेल्या फोडींचे कोपरे जरा झिजले होते, रंग एकसारखा नव्हता. आगळ थोडं कमीच लागत होतं, धुण्यात गेलेलं. खाणाऱ्या शंभरांतल्या दहा जणांना ते कळलं असेल. त्यांतल्या दोघांनी तोंडावर सांगितलं, आणि गौरजाने दोघांनाही तोंडावर उत्तर दिलं. धनेशने मात्र तीनदा घेतला. भूकच तशी लागली होती त्याला.

"बरो झालो," तो ताटाकडे बघून म्हणाला. "पण जरा..."

"जरा काय?"

"काय नाय. वाढ."

बायकांची पंगत शेवटची. गौरजा आणि सृष्टी शेजारी बसल्या. सृष्टीची धाकटी मुलगी आईच्या मांडीवर. वाढायला सदानंदकाका स्वतः आले, हातात बटाट्याचं भांडं. गौरजाच्या पानापाशी थांबले.

"पुढल्या वर्षी माटवीची कवंडळां तुझ्या घरान हाडूची," ते म्हणाले. माटवी म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची लाकडी चौकट, तिला रानातली फळं-फुलं बांधतात, आणि लाल-केशरी कवंडळं मिळवायला डोंगराच्या काट्याकुट्यांत शिरावं लागतं. "पाळी तुमचीच येता. आठ घरांत तुमचो नंबर सवो."

"माका डोंगर चढूक लावतास?"

"घर म्हणजे नुसतो निवेद नाय," मास्तर म्हणाले आणि पुढच्या पानाकडे गेले.

संध्याकाळी विनीतचा फोन आला. गौरजा पंपाच्या खोलीत होती, सणासाठी त्या आठवड्यात दिवसातून दोनदा पाणी सोडावं लागत होतं. मोटर घरघरत होती, ती खोलीबाहेर आली.

"झाला काय गे म्हामना? बटाटो कोणी केल्यान, धनेशान?"

"मिया."

 "तू? आणि काका गप रवले?"

"काका जेवले. दोनदा घेतल्यानी."

"बरो झालो?"

"आगळ आधी पडला. सुधारून घेतलंय. पुढल्या वर्षी चुकूचंय नाय."

"पुढल्या वर्षी मी येतंय ना. रजा आतापासून टाकून ठेवतंय. मी करतंय, तू कशाक त्रास घेतंस?"

गौरजाला आधी राग आला. मग राग आला तसाच गेला, कारण त्याला वाईट बोलायचं नव्हतं, त्याला फक्त अजून कळलेलं नव्हतं.

"ये तू," ती म्हणाली. "पोरांका घेवन ये. वीस किलो बटाटे सोलूचे असतत, माणसां कमी पडतत."

"सोलूचे?"

"होय. आणि आदल्या दिवशी डोंगरार कवंडळां हाडूक जावचा हा. चपला बऱ्या घेवन ये."

विनीत हसला की आणखी काही म्हणाला, ते मोटरच्या आवाजात तिला ऐकू आलं नाही. तिने फोन पदराला बांधला आणि आत जाऊन वरच्या वाडीचा वॉल्व्ह उघडला.